आठ दिवसांची पाटी

शेवंताबाई : ...तुझे पणजोबा दशरथराव. त्यांनी विणलेले टसर पाहायला परगावची माणसे या ओसरीवर येऊन बसत. त्यांचे चिरंजीव म्हणजे तुझे आजोबा—

चंदन : चंद्रकुमार.

शेवंताबाई : नाव घेण्याचे काम मी तुला सांगितले नव्हते. नवऱ्याचे नाव मी सप्तपदीनंतर उच्चारलेले नाही, ते तू माझ्या वाक्यात घुसडू नकोस. त्यांनी रेशमी काठ विणले. त्यांचा मुलगा, तुझा बाप टेकचंद. त्याला विणता आले नाही, पण निदान तो साड्या विकतो. तीन पिढ्यांत लोखंड म्हणजे सुई आणि कात्री. आणि तू माझ्या घड्या दाबण्याच्या लोखंडी पाटीला भोके पाडणार?

चंदन : चौदाच तं आहेत आजी. आठ इंजिनाचे, सहा गिअरबॉक्सचे. अन मधात एक मोठं.

शेवंताबाई : म्हणजे पंधरा. कापडवाल्याच्या घरात मोजणी तरी खरी सांगावी. आणि ते इंजिनाचे धूड मागाच्या खड्ड्यात कशाला उभे केले आहेस? तिथे तुझे आजोबा पाय सोडून विणायला बसत.

चंदन : म्हणूनच तं! टायरावर नाकाडी, नाक खाली करून उभं केलं, का त्याचं मागचं तोंड बरोबर जमिनीच्या सपाटीले येते. असा खड्डा साऱ्या साकोलीत कोण्या गॅरेजात नाही.

शेवंताबाई : हे गॅरेज नव्हे. मागाची खोली आहे. पाटी कशासाठी, ते नीट सांग.

चंदन : जीपचं इंजिन गेलं. हे व्हॅनचं इंजिन आणलं, पण याचे भोकं जीपच्या गिअरबॉक्सशी जुळत नाही. मधात पाटी टाकायची. एका अंगानं इंजिन कसायचं, दुसऱ्या अंगानं गिअरबॉक्स.

शेवंताबाई : म्हणजे सोयरिकीतला मध्यस्थ.

चंदन : हो! अन मध्यस्थ सपाट पाहिजे. भंगारवाल्याजवळचे सारे वाकडे.

शेवंताबाई : मध्यस्थ बहुधा तसेच असतात.

चंदन : तुही पाटी पाहून घेतली मी. फुटपट्टी ठेवली तं खालून कागद जात नाही. आजी, माहं पहिलंच काम आहे. आज जोड जमला नाही तं जीप भंगारात जाते, अन उद्यापासून बाबा मले गादीवर बसवते. जन्मभर साड्या उलगडत बसा, 'ताई, हा रंग तुमाले शोभते' म्हणत!

शेवंताबाई : तुला तेही नीट म्हणता येत नाही. कोणाची जीप?

चंदन : एकोडीच्या सुखरामकाकांची. ज्यांच्या बाबाची धानगिरणी होती ना, गणपतबाबाची, ते.

शेवंताबाई : वरच्या साड्या खाली उतरव. पाटी घे.

चंदन : खरंच?

शेवंताबाई : मी वाक्य दोनदा उच्चारत नाही. मात्र खालची बाजू पाहू नकोस.

चंदन : पाह्यल्याबिगर भोकं कसे पाडू? हे काय, कोपऱ्यात छिन्नीनं खोदलं आहे. ग... ण...

शेवंताबाई : वाचू नकोस. मोज.

चंदन : मोजलं. आता पाह्य. हा पुठ्ठा इंजिनावर ठेवून ठोकला, भोकांचे ठसे आले. हा दुसरा गिअरबॉक्सवर ठोकला. दोन्ही पाटीवर मांडतो, ठिपके मारतो, अन ड्रिल चालवतो.

शेवंताबाई : साडीच्या खोक्यांचे पुठ्ठे आहेत ते.

चंदन : रिकामे होते.

शेवंताबाई : थांब. ड्रिल खाली ठेव. दोन्ही पुठ्ठे सुलटेच मांडलेस?

चंदन : मंग कसे मांडू?

शेवंताबाई : इंजिनाचे तोंड वर आहे. गिअरबॉक्स वरून येणार, त्याचे तोंड खाली असणार. माझ्यासमोर उभा राहा. उजवा हात वर कर. मीही करते. माझा हात तुझ्या कोणत्या अंगाला आला?

चंदन : ...डाव्या.

शेवंताबाई : काठावरचा मोर मागावर पालथा विणतात. विणणाऱ्याला त्याची पाठच दिसते. तुझ्या आजोबांनी एकदा भान सोडले, तर बारा साड्यांचे मोर पदराकडे पाठ करून बसले. गिअरबॉक्सचा पुठ्ठा उलट.

चंदन : अरे बाप रे. पाटी वायाच गेली असती!

शेवंताबाई : ही पाटी वाया घालवण्याचा अधिकार आपल्याला नाही. पाड आता. आणि तो अक्षरांचा कोपरा कापू नकोस.

चंदन : जोडाच्या बाहेर राहीन ना तो. बेढब दिसन.

शेवंताबाई : दिसू दे.

(दुपार कलली आहे. खड्ड्यात इंजिन, त्यावर पाटी, पाटीवर गिअरबॉक्स कसून उभे. सुखराम दारात येतो.)

सुखराम : जमलं का रे चंदन? का लावू भंगारवाल्याले फोन?

चंदन : हा वरचा शाफ्ट फिरवून पाहा, काका. एका बोटानं.

सुखराम : आं! लोण्यावानी फिरून राहिला! अन हा कोपरा काहून बाहेर ठेवला रे? ग... ण... थांब. हे तं माह्या बापाच्या हातचं अक्षर हाय!

शेवंताबाई : सुखराम, बसा.

सुखराम : काकू, ही तं आमच्या गिरणीच्या इंजिनाखालची पाटी! मी दहा वर्साचा होतो. बैलबंडीत हिच्यावरच बसून साकोलीले आलो होतो. काकाजीनं, चंदनच्या आज्यानं, आठ दिवसासाठी मांगली होती.

शेवंताबाई : माझ्या लग्नाचे साल होते. साड्यांच्या घड्या दाबायच्या होत्या.

सुखराम : बाबा दर दिवाळीले मांगाले येत. तुमी चहा पाजत.

शेवंताबाई : दोन चमचे साखर घालून. आणि सांगत असे, अशी पाटी या घरात नाही. ज्या ढिगावर हात टेकून सांगत असे, त्याच्याच पोटात ती होती.

चंदन : आजी! तू खोटं बोलली?

शेवंताबाई : घरच्या माणसाने शब्द मोडला, हे परक्यापुढे मला म्हणवेना. खोटे मी पत्करले, म्हणजे त्यांचे नाव स्वच्छ राहील असे वाटले. आणि एकदा सांगितले की दरवर्षी तेच सांगावे लागते.

सुखराम : आमी मंग लाकडाच्या ओंडक्यावर इंजिन बसवलं. सुरू केलं का गिरणी नाचत नाचत दारापर्यंत जाये. लोक धान भरडाले कमी अन नाच पाहाले जास्त येत.

चंदन : मंग गिऱ्हाइकी वाढली असन!

सुखराम : वाढली ना. तिसऱ्या साली भिंत पाडून बाहेर निंगाली, तवा बंद केली.

शेवंताबाई : गणपतरावांची क्षमा मागायला मी फार उशीर केला. आता तुमची मागते. पाटी तुमची आहे, ती तुमच्याच गाडीत जाईल. मात्र पंधरा भोकांइतके लोखंड कमी भरेल.

चंदन : मधली चकती आहे ना, आजी. अन ड्रिलचा चुरा डब्यात आहे.

शेवंताबाई : दोन्ही फडक्यात बांधून दे.

सुखराम : काकू, चुरा कायले देता?

शेवंताबाई : फेडायचे तर पुरते फेडायचे. चुराही तुमचाच.

सुखराम : बरं, द्या. बाबाच्या फोटोजवळ ठेवतो. आता सांगू काय त्याले? पाटी कोणं परत केली म्हणून सांगू?

शेवंताबाई : सांगा... चंद्रकुमारांनी.