हिरवळीवरचा जळका पट्टा

बायको : अरे, उलटा धरलास तुकडा. बघ ना, याची पाती भिंतीकडे झुकलीत आणि बाकीची सगळी फाटकाकडे.

नवरा : प्लास्टिकचं गवत आहे गं. त्याला काय कळतंय?

बायको : त्याला नाही, बघणाऱ्याला कळतं. ठिगळ लावल्यासारखं दिसेल. फिरव.

नवरा : फिरवला, बाई. कटर दे. एवढ्या हौसेनं अंगणभर घातलं आपण, आणि बाबांनी त्यावर तापलेलं पातेलं नेऊन ठेवलं.

बायको : हळू बोल. आत बॅग भरताहेत ते.

नवरा : मग खोटं बोलतोय का मी? दुपारी एकटे असतात, तेव्हा जेवण गरम करायचे, इथे येऊन बसायचे. विचारलं तर म्हणाले, ठेवलं असेल, आठवत नाही. उद्या घर पेटवतील आणि म्हणतील आठवत नाही. वृद्धाश्रमात निदान लक्ष ठेवायला माणूस तरी आहे.

बायको : ठरलंय ना ते? सकाळी सोडायचंय त्यांना. मग आता कोणाला पटवतोयस?

नवरा : कोणाला नाही. ती चिकटपट्टी दे.

बायको : एक सांग, हा पट्टा पहिल्यांदा दिसला तेव्हा एवढा लांब होता? कुंडीपर्यंत नव्हता पोचला.

नवरा : म्हणजे परत ठेवलं! कमाल आहे या माणसाची.

बायको : कशावर तापवून? तेव्हापासून गॅसचा रेग्युलेटर तर आपण काढून कपाटात ठेवतो. कुलपात.

नवरा : असेल काहीतरी. तुकडा धर सरळ... आई गं!

बायको : काय झालं? कापलं?

नवरा : भाजलं. इथे हात नको लावूस. तापलंय नुसतं.

बायको : वास येतोय तुला? अरे, नव्या तुकड्याची पाती बघ, वळताहेत!

नवरा : ऊन आहे.

बायको : ऊन सगळीकडे आहे. इथेच एवढं झगझगीत का? वर बघ. आपल्या खोलीची खिडकी.

नवरा : बाप रे. डोळेच दिपले.

बायको : थांब, वर जाऊन ती उघडते. उजेड हलला तर सांग.

(थोड्या वेळानं, वरच्या खिडकीतून)

बायको : उघडली! हलला का?

नवरा : भिंतीवर गेला. आता लाव परत.

बायको : लावली.

नवरा : आला. बरोबर पट्ट्यावर. खाली ये तू.

बायको : आले. म्हणजे आपल्याच काचेवरून येतंय हे ऊन.

नवरा : ती काच मीच निवडली. खोली गार राहते म्हणून सांगत फिरत होतो सगळ्यांना. ऊन आत घेत नाही, बाहेर फेकते. इथे फेकते.

बायको : आणि आपण या वेळेला घरात कधी नसतोच.

नवरा : पाहुण्यांसमोर बोललो गं मी त्यांना. "तुम्हाला अक्कल आहे का?" असं म्हणालो. बापाला.

बायको : तू बोललास, मी हसले. वर तुझ्या बहिणीला फोन करून सांगितलं, बाबांचं डोकं काम करत नाही. मलाच शरम वाटतेय आता.

नवरा : ऐक ना. खिडकीला बाहेरून जाळी लावू, गवत नीट करू. विषय संपला.

बायको : आणि बाबा?

नवरा : ते स्वतःच हो म्हणालेत जायला. तिथे त्यांच्या वयाची माणसं आहेत, करमेल त्यांना. आता हे सांगून उगाच...

बायको : लाज नाही वाटत तुला?

नवरा : वाटतेय म्हणूनच तर! कोणत्या तोंडानं सांगू?

बायको : याच तोंडानं. ओरडायला हेच होतं ना?

नवरा : तू सांग. तुझं ऐकतात ते.

बायको : नाही सांगणार. मी माझ्यापुरती माफी मागेन, तुझी तू माग. बघ, आलेच.

बाबा : काय रे, आरडाओरडा कसला? परत जळलं का काही?

नवरा : बाबा, तुम्ही बसा आधी.

बाबा : मीच केलं असेल. दुपारचं माझ्या लक्षातच राहत नाही. रागावू नकोस, सकाळी जातोच आहे मी.

नवरा : तुम्ही नाही केलं.

बाबा : असू दे रे. मन राखायला नको बोलूस.

नवरा : खरंच नाही, बाबा. वरच्या काचेवरून ऊन पडतं, त्यानं वितळतंय. आत्ता आमच्या डोळ्यांसमोर वितळलं. तुम्ही पातेलं ठेवलंच नव्हतं कधी.

बाबा : ठेवलंच नव्हतं?

बायको : नाही, बाबा. आमचं चुकलं. मी तर हसले तुम्हाला.

बाबा : थांब गं. एकदाही नाही?

नवरा : एकदाही नाही. माफ करा मला. काय काय बोललो मी तुम्हाला. उद्या कुठेही जायचं नाही, मी आत्ता आश्रमात फोन करतो.

बाबा : फोनचं बघू मागाहून. म्हणजे मला आठवत नव्हतं, कारण घडलंच नव्हतं?

नवरा : हो.

बाबा : आणि मी आपला सारखा आठवून बघतोय. कुठलं पातेलं, कधी आणलं, हातात काय धरलं होतं. काही केल्या आठवेना. म्हटलं, संपलं आपलं.

नवरा : मग म्हणायचं नाही का, मी नाही ठेवलं म्हणून?

बाबा : तू एवढ्या खात्रीनं सांगत होतास. मला वाटलं, तुला माहीत असणार.

बायको : बाबा, आत चला. ऊन लागेल.

बाबा : अरे, रडतोस कशाला वेड्यासारखा? आनंदाची गोष्ट आहे ही. तुला माहीत नाही, रोज सकाळी पांघरुणातच नावं म्हणून बघायचो मी. आधी तुझं, मग हिचं, शेवटी माझं. अगदी हळू म्हणायचो. तू ऐकलंस तर रागावशील म्हणून.