दौलतरावाच्या मोटरीची कुईं

...गळा बसला म्हून हसता काय? हसा! तुमाले सांगतो, हे सारं त्या मोटरीनं केलं! आमचे मालक दौलतराव, त्याहीनं कोन्या साहेबानं पंधरा वर्सं पिदाडलेली मोटर घेतली, जऊळका टेसनावरून मालेगावले सवाऱ्या न्याले. आन् डायवर कोन? मी, इस्माईल! कालपरेंत दमनी हाकनारा, बैलाच्या शेपट्या पिळनारा! सरळ रस्त्यानं मोटर मुकाट चाले, पन वळन आलं, हातातलं चाक फिरवलं का... कुईं! डावीकडं कुईं, उजवीकडं कुईं!

दौलतराव म्हने, "इस्माईल, लोक म्हनून राह्यले, दौलतरावाची मोटर रडते! गुरुवारपरेंत आवाज बंद कर, नाई तं पुन्हा दमनीवर बस!" दमनीवर? मी? माही डायवरची खाकी टोपी आमच्या बायकोनं, ताजबीनं, अख्ख्या मोहल्ल्याले दाखवली, आन् आता तिच्या डोळ्यादेखत दमनीवर बसू? म्हटलं, आता कुईं राहीन नाई तं इस्माईल राहीन!

आता सांगा, दमनीचं चाक वाजलं तं आपून काय करतो? वंगन! घातलं. मोटरीच्या सांध्यासांध्याले घातलं, हात कोपरापरेंत काळे... चाक फिरवलं का कुईं! एरंडीचं तेल ओतलं... कुईं! मंग फळ्या काढल्या, बोलट खोलले, पुन्हा जोडले तं चार उरले! कुठले होते मले काय इचारता, अजून खिशात हायेत! आन् चाक फिरवलं का... कुईं!

पन मी सोडतो का? बुधवारी मोटरीखाली उताना पडलो आन् ताजबीले माह्या जागी चाकापुढं बसवलं. "फिरव!" "या अल्ला, मोटर पळाली तं?" "उभी हाय थे, फिरव!" तिनं फिरवलं, आन् मले दिसलं काय? चाकाच्या दांड्याले तांब्याचा ताईत! मंगरूळपीरच्या दर्ग्यावरून हिनंच आनला, माह्या जिवाले काई होऊ नये म्हून मले न सांगता हिनंच बांधला! दांडा फिरे, ताईत पत्र्याले घासे, आन् मी तीन दिवस तेल ओतून राह्यलो! म्हटलं सोडतो, तं वाघीनच झाली. "खबरदार! सोडाचा तं तुमच्या दंडाले बांधा, आन् कसम खा, मरेपरेंत काढनार नाई!" खाल्ली कसम. चाक फिरवलं... काईच नाई! देवाशपथ, डोळे भरून आले माहे.

गुरुवारी टोपी तिरपी घालून ऐटीत निघालो. वळनं घेतली, भोंपू वाजवला, टेसनावरून मालेगावले पोचलो, मांगं पाह्यतो तं मोटर रिकामी! एक सवारी नाई! वापस येताना आमची रोजची सवारी सोजरबाई गाठोडं घेऊन आडवी आली. "काहून रे मुडद्या, मुकाट निघून गेला? कुईं आयकू आली का आमी घरून निघतो!" म्हटलं, भोंपू वाजवला ना! "भोंपू साऱ्याच मोटरी वाजवतात! आपली कोनती, कसं समजन?"

दौलतराव तं तापलेच. "आवाज कोनाले इचारून बंद केला?" तुमीच तं म्हटलं, मालक! "उद्यापासून कुईं पाह्यजे, नाई तं दमनी!"

आता ताईत दंडावर, कसम गळ्यात... काय करता? म्हून सांगतो, वळनावर कुईं आयकू आली तं मोटरीले नावं ठेवू नका. मोटर एकदम ठीक हाय. थो मीच ओरडून राह्यलो.