मधला खांब

गोविंदराव : बकुळा, तू शेजारी जाऊन बस. अंगणात थांबू नकोस.

बकुळा : माझी खुर्ची इथं निंबाखाली राहू दे. माझ्यासाठी घराचा पाय तोडताय, आणि मी बघायचं नाही?

स्नेहलता : आई, पाय नाही तुटला. फक्त मधला खांब गेला.

गोविंदराव : वर अख्खी खोली आहे, स्नेहल. विटांची. नुसते पत्रे असते तर मी तोंड उघडलं नसतं. सगळी रेल्वेची नोकरी मी पुलांवर काढली. आधार देणं वेगळं, काढून घेणं वेगळं.

स्नेहलता : म्हणून तर आधी गर्डर चढवला, बाबा. दोन्ही टोकांना नवे खांब, वर मसाला ठासून भरला. बिजौलीच्या कारखान्यात याहून भारी गर्डर रोज माझ्या हाताखालून जातात.

बकुळा : आपली उघडी पडवी काय वाईट होती गं? गाडी राहत होतीच की.

स्नेहलता : गाडी राहत होती, तू भिजत होतीस. गेल्या पावसात दवाखान्यात पोचलो तेव्हा पदर पिळत होतीस. आणि उन्हाळ्यात झाशीची लू, ती गरम झळ, तर विचारूच नको. आणि त्या खांबामुळे गाडीचं दार पूर्ण उघडायचं नाही, तुझी चाकांची खुर्ची शिरायची नाही. आता पक्कं गॅरेज, एकच रुंद तोंड, त्याला शटर.

(खांब तोडून झाला आहे. छत दोन जॅकांवर टेकलेलं. हल्के मिस्त्री जॅकपाशी बसलेला.)

स्नेहलता : हल्के भैया, मलबा हट गया? अच्छा. अब बायाँ जैक उतारो. धीरे. एकदम धीरे... बस, रुको.

गोविंदराव : दोरी बघ. गर्डरखाली ताणलेली.

स्नेहलता : तेच बघतेय. गर्डर सूतभर वाकेल. जास्त नाही.

बकुळा : वाकेल? अगंबाई!

गोविंदराव : वाकायलाच हवा. वाकला म्हणजे वजन त्यानं घेतलं.

बकुळा : अहो, पण तुम्ही कुठं निघालात?

स्नेहलता : बाबा! छताखाली नका जाऊ! मागे या, प्लीज.

गोविंदराव : आमच्यात रीत होती. नव्या पुलावरून पहिली गाडी जाताना आमच्यातला कोणी तरी खाली उभा राहायचा. बेतवा नदीच्या पुलाखाली मी राहिलोय.

स्नेहलता : पण हे काम माझं आहे. मग मी उभी राहते.

गोविंदराव : तू दोरी बघ. ते आता माझ्या डोळ्यांनी होत नाही. सांग त्याला, दुसरा जॅक.

स्नेहलता : आई, तू तरी सांग ना बाबांना.

बकुळा : ते ऐकणारेत का माझं? तुझा हिशेब बरोबर आहे ना?

स्नेहलता : आहे.

बकुळा : मग सांग त्याला.

स्नेहलता : हल्के भैया... अब दायाँ. धीरे. और थोड़ा... और...

बकुळा : अगंबाई, कसला आवाज हा?

गोविंदराव : गप्प. लोखंड बोललं. पायापर्यंत पोचलं माझ्या. स्नेहल, दोरी?

स्नेहलता : उतरतोय... उतरतोय... थांबला. बाबा, थांबला! सूतभरच! जॅक मोकळा झाला, हातानं फिरतोय!

बकुळा : अहो, बोला ना काही. बरं आहे ना तुम्हाला?

गोविंदराव : मातीचा कण पडला नाही, बकुळा. एवढी खोली, तुझी कपाटं, पाण्याची टाकी, सगळं एका पायावरून दुसऱ्या पायावर गेलं आणि कण पडला नाही. मी असतो तर खांब ठेवला असता. माझी छातीच झाली नसती.

स्नेहलता : रडू नका ना, बाबा. मला पण येईल मग.

गोविंदराव : रडत कुठं आहे? बघतोय.

बकुळा : मला न्या तिथं.

स्नेहलता : उद्या, आई. खाली विटांचे तुकडे आहेत सगळे.

बकुळा : मग झाडून घे. मला आत्ता बघायचंय.

गोविंदराव : आण तिला, स्नेहल. मी तुकडे बाजूला करतो. हळू... हां, चाक सरळ घे.

बकुळा : थांब. इथंच होता ना?

गोविंदराव : इथंच. हात पुढे कर.

बकुळा : केला... काही नाही हो. नुसता वारा लागतोय.