अंबूबाईंचा शाळू

संशोधन केंद्राच्या खिडकीपाशी मी मातीचा अहवाल घ्यायला उभा होतो. माझ्यापुढं म्हसवडच्या अंबूबाई होत्या, खिडकीत तरुण मॅडम.

“पंधरा वर्सांमागं तुमच्या सायबानं माझ्याकडनं शाळवाचं बी नेलं हुतं. त्यातलं वंजळभर परत द्या.”

“घरचं बी संपलं का, आजी?”

“व्हय. दोन वर्सं पाऊस न्हाई. पेरलं ते उगवून जळालं.”

“नोंद सापडली. पण आजी, मागच्या उन्हाळ्यात आमची बी ठेवायची थंड खोली बंद पडली होती. तुमच्या बियातलं थोडं पेरून पाहिलं, काहीच उगवलं नाही.”

“समदं पेरून बगा की. एखादं कणीस आलं तरी लय झालं.”

“सगळं पेरलं, आजी. मीच पेरलं. एकही कोंब आला नाही.”

मॅडमनी नोंदवही मिटून विचारलं,

“गावात कुणाकडं असेल ना?”

“समदी माझ्याकडनंच न्यायची, बाई.”

“दुसरा वाण देऊ का? कमी पाण्यात येतो.”

“द्या. रान पडीक ठिवून काय करू?”

“इथं सही करा.”

“सायब म्हणला हुता, हितं ठिवलेलं बी कवाच बुडत न्हाई. म्हणून तर मी घरातला शेवटचा दाणा बी पेरला.”