सुतळीच्या दोन गाठी

धाकटी : तीनच ताटं मांडा, वन्सं. चौथं मांडलंत तर मी जेवायला बसणार नाही.

वन्सं : अगं, नाताळ आहे आज. आई होती तेव्हापासून आम्ही तिघं भावंडं या दिवशी एका टेबलावर जेवतो. भांडणं झाली, अबोले झाले, पण ताट कधी चुकलं नाही. दादाला मी काय सांगू? सख्ख्या भावाच्या घरात तुला जागा नाही म्हणून?

धाकटी : तसंच सांगा. नाहीतर मी सांगते. माझं तोंड काही कुणी शिवलेलं नाही.

वन्सं : हळू बोल. छोट्या जागा होईल.

धाकटी : झोपलेत कुठे ते? आडवं केलं की जीव घुसमटतो, बसवलं की मान छातीवर पडते. उशा लावाव्यात तर घसरतात. रात्र रात्र मी पाठीमागे बसून त्यांना माझ्या अंगावर रेलवून घेते. आत्ता उजाडल्यावर जरा डोळा लागलाय, म्हणून चुलीपाशी तरी आले. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. घरी न्या म्हणजे काय, ते मला समजतं. मी काही कुक्कुलं बाळ नाही.

वन्सं : त्यात दादाचा काय दोष?

धाकटी : दोष? तुमच्या भावानं सारा जन्म कुणाच्या दुकानात काढला? शवपेट्या घासून घासून गुळगुळीत कोण करत होतं? थंडीत दारं-खिडक्या गच्च बंद. का, तर गारठ्यात सरस धरत नाही. भुसा बाहेर ओढणारा पंखा बसवा, म्हणून मी कितीदा सांगितलं. 'बघू' म्हणाले तुमचे दादा. बघता बघता यांच्या छातीत भुसा भरला, आणि दादा ठणठणीत.

वन्सं : दादा कापायचा, छोट्या घासायचा. बारीक धूळ त्याच्याच वाट्याला गेली. एकाच ताटात जेवलेली दोन माणसं, पण नशीब काही वाटून घेता येत नाही, बाई.

धाकटी : नशिबाला मध्ये आणू नका. ते बिचारं काही पंखा बसवणार नव्हतं. आणि ते जुनं राहू द्या. परवाचं बोला. परवा तुमचे दादा आले होते ना?

वन्सं : आला होता की. दारातच उभा राहिला.

धाकटी : तेच म्हणते मी! आत आले नाहीत. कसा आहेस, म्हणून विचारलं नाही. उंबऱ्यावर उभे राहिले आणि यांच्याकडे बघत राहिले. डोक्यापासून कमरेपर्यंत, कमरेपासून पायापर्यंत. मग या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. वन्सं, मी त्यांच्या पेट्यांना आतून अस्तर शिवता शिवता म्हातारी झाले. ती नजर मी ओळखते. टेप लावत नाहीत, हात लावत नाहीत. बघतात, घरी जातात, आणि पेटी अशी करतात की माणूस आत मापात बसतो. जित्या माणसाचं माप घेतलं त्यांनी. माझ्यादेखत.

वन्सं : काहीतरीच तुझं!

धाकटी : काहीतरीच? मग आज सकाळी माझ्यासाठी काय घेऊन आलात?

वन्सं : मी काय आणणार? दादानं सुतळी दिली. म्हणाला, धाकटीला म्हणावं गादी शीव, आणि कापूस जरा जास्त भर.

धाकटी : दोन गाठींची सुतळी. जवळची गाठ खांद्याची, लांबची उंचीची. कुणी गेलं की ही सुतळी माझ्याकडे येते. येताना नेहमी सोबत नाव असतं, अमक्या घरचा म्हातारा, तमक्यांची सून. आज नाव नाही. मी काय केलं माहितेय? यांच्या पाठीवर लावून पाहिली. खांदे बरोब्बर. बोटभराचाही फरक नाही.

वन्सं : असतील दुसऱ्या कुणाचे तेवढे खांदे.

धाकटी : कुणाचे? अंगावरचं सगळं मांस उतरलंय. सदरा घातला की हँगरला अडकवल्यासारखा दिसतो. असे खांदे गावात दुसऱ्या कुणाचे आहेत, दाखवा मला.

वन्सं : आण इकडे ती सुतळी. ... अगं पण, ही लांबची गाठ बघ. ही तर पुरत नाही. छोट्याच्या कमरेशीच येते.

धाकटी : चुकले असतील घाईत. नाहीतर पाय मुडपून घालायचे असतील. तेवढंच लाकूड वाचेल.

वन्सं : तुझ्या जिभेला काही हाड?

धाकटी : नाही. होतं ते झिजलं या आजारपणात. रागावू नका, वन्सं. काल गाणी म्हणणारी पोरं आली होती गल्लीत. दर घराशी थांबली, कंदील उंच धरून गायली. आपल्या दाराशी आल्यावर गाणं बंद केलं आणि चवड्यांवर पुढे गेली. कुणीतरी सांगितलं असणार, त्या घरात माणूस चाललाय. यांना ऐकू आलं सगळं. म्हणाले, 'अगं, आवाज का थांबला?' मी काय सांगू? पोरांनी निदान पाय तरी न वाजवता नेले. तुमच्या दादांनी सुतळी पाठवली.

वन्सं : दादा टेप का लावत नाही, ठाऊक आहे तुला?

धाकटी : मिजास. माझी नजर चुकत नाही म्हणून.

वन्सं : आई गेली ती असाच नाताळ तोंडावर असताना. बाबांनी दारू जवळ केली होती, ते कोपऱ्यात पडलेले. दादाला अजून मिसरूडही फुटलं नव्हतं. शेजारी म्हणाले, पोरा, पेटी आता तुलाच करावी लागणार. तो टेप घेऊन आईच्या खाटेशी गेला. हात पुढे केला आणि मागे घेतला. पुन्हा केला, पुन्हा मागे. हात लावून माप घ्यायचं म्हणजे ती गेली हे कबूल करायचं ना. मग तो दारात जाऊन उभा राहिला, आणि नुसता बघत राहिला तिच्याकडे. कितीतरी वेळ. नंतर खाली बाबांच्या दुकानात जाऊन फळ्या कापायला घेतल्या. छोट्या त्याच्या मागे मागे. एवढासा होता, नाक पुसायची अक्कल नव्हती. सारखा विचारायचा, 'दादा, काय करतोस?' दादा म्हणायचा, 'आईला पलंग करतोय.'

धाकटी : हे मला यांनी कधी सांगितलं नाही.

वन्सं : त्याला आठवत असेल की नाही, देव जाणे. खिडकीतली ती लाकडी चांदणी दिसते ना? ती त्याच फळ्यांच्या तुकड्यांची. छोट्यानं हट्ट धरला होता, नाताळ आहे, चांदणी पाहिजे. दादानं डोळे पुसत केली. एक टोक आखूडच झालं. त्यानंतर मात्र त्याचं माप कधी चुकलं नाही.

धाकटी : तेव्हाचं ते पोर वेगळं, वन्सं. माणसं लाकडासारखीच. ओली असतात तोवर मऊ. वाळली की आकसतात आणि चिरा पडतात.

(बाहेर हातगाडीची चाकं खडखडत येऊन थांबतात. दारावर थाप.)

धाकटी : खिडकीतून बघा.

वन्सं : दादाच आहे.

धाकटी : हातगाडी आणलीय?

वन्सं : हो.

धाकटी : गाडीवर काय आहे?

वन्सं : काहीतरी आहे खरं.

धाकटी : झाकलंय?

वन्सं : ... चादर टाकलीय वरून.

धाकटी : सरका बाजूला. दार मी उघडते. बघू तरी, काय म्हणतात मिस्त्री.

मिस्त्री : जागा आहे का तो?

धाकटी : जिवंत आहेत. तुम्ही जरा लवकर आलात, भाऊजी.

मिस्त्री : लवकर? उशीरच झाला. कालच आणणार होतो.

धाकटी : काल! ऐकलंत, वन्सं? कालच आणणार होते! अहो, दिवस कुठला, वार कुठला? सगळी गल्ली खिडकीतून बघतेय. माणसाचा श्वास चालू आहे, आणि तुम्ही त्याच्या दाराशी ते आणून उभं केलंत? फिरवा ती गाडी. मी त्यांना रद्दीत गुंडाळीन, पण तुमच्या फळीत घालणार नाही.

मिस्त्री : धाकटे, दारातून बाजूला हो. थंडी आत जातेय. त्याला वारा बाधेल.

धाकटी : आत्ता वारा दिसतो! इतकी वर्षं धूळ नाही दिसली?

वन्सं : दादा, चादर काढ. आधी ती चादर काढ, बाबा.

मिस्त्री : काढतो. ... हं.

वन्सं : अगं बाई!

धाकटी : हे... हे काय आहे?

मिस्त्री : टेकण. पलंगावर ठेवायचं. पाठ तिरकी राहते. या दोन बाजूंना पाखं काढलीत, म्हणजे मान कलंडणार नाही. मागे दांडा आहे, तो या खाचांत सरकवला की कमीजास्त करता येतं. डोक्यापासून कमरेपर्यंतच आहे. पाय नेहमीसारखे पलंगावर.

वन्सं : म्हणून गाठ कमरेशी!

मिस्त्री : पॉलिश लावलेलं नाही. वास त्याला सोसायचा नाही. नुसतं घासलंय. त्याच्याइतकं काही मला जमत नाही. गादी शिवलीस का?

धाकटी : नाही.

मिस्त्री : सुतळी पाठवली होती ना?

वन्सं : दादा, तिला वाटलं...

धाकटी : वन्सं, गप्प बसा. माझं मी सांगते. मला वाटलं, तुम्ही यांची पेटी करताय.

मिस्त्री : वाटणारच. जन्मभर दुसरं काय केलंय मी?

धाकटी : मग परवा तसे बघत का उभे राहिलात?

मिस्त्री : माझ्याकडे बघायची दुसरी नजर नाही. आहे ती ही एवढीच.

धाकटी : आत यायचं. दोन शब्द बोलायचे.

मिस्त्री : अंगावर भुसा होता. आणि बोलून काय? कसा आहेस विचारलं असतं, तर बरा आहे म्हणाला असता. खोटं बोलायलासुद्धा श्वास लागतो, धाकटे. तेवढा त्याच्यापाशी राहिलेला नाही.

वन्सं : चला, उचला आधी. दादा, तू एक बाजू धर.

मिस्त्री : मी इथेच थांबतो. आजही भुसा आहे अंगावर. तुम्ही दोघी उचला, हलकं आहे. मुद्दाम हलकं केलंय.

धाकटी : थांबा. ही फळी... लाकडातली ही गाठ मी पाहिलीय. दुकानाच्या माळ्यावर एक फळी होती, कुणाला हात लावू देत नव्हतात तुम्ही. भाऊजी, ती फळी तुम्ही स्वतःच्या पेटीसाठी ठेवली होती.

मिस्त्री : वाळलेलं दुसरं काही नव्हतं. ओलं लाकूड वाकतं, वास मारतं.

धाकटी : आणि तुम्हाला?

मिस्त्री : मला खोक्याच्या फळ्या चालतील. मी काही तक्रार करायला परत येत नाही.

वन्सं : शुभ बोल रे!

धाकटी : धरा, वन्सं. उंबरा सांभाळा. ... अहो, डोळे उघडू नका. माझ्या गळ्यात हात टाका तेवढा. असं. वन्सं, माझी जुनी शाल मागे घाला, आणि सरकवा हळूच.

मिस्त्री : एक खाच खाली घे.

वन्सं : घेतली.

मिस्त्री : अजून एक. बस. आता डोकं सोड.

धाकटी : मान पडेल.

मिस्त्री : नाही पडणार. सोड.

धाकटी : ... राहिली. वन्सं, मान राहिली!

वन्सं : काहीतरी म्हणतोय बघ. काय रे, छोट्या? ... दादा, तो विचारतोय...

मिस्त्री : काय?

वन्सं : विचारतोय, 'दादानं पलंग केला का?' काय सांगू, दादा?

मिस्त्री : सांग, हो म्हणावं. पलंगच.

वन्सं : हसला, दादा. जरासाच, पण हसला.

धाकटी : वन्सं. वन्सं! आवाज का थांबला? घरघर येत नाहीये. अहो! भाऊजी, अहो, काय झालं हे?

मिस्त्री : ओरडू नकोस. छाती बघ. गळ्याखाली बघ, बटणाशी. वर-खाली होतेय. मला दिसतेय इथून.

धाकटी : मला दिसत नाही काही.

मिस्त्री : गेलेलं माणूस मला कळतं, धाकटे. हा झोपलाय.

धाकटी : नक्की?

मिस्त्री : माझी नजर चुकत नाही.

वन्सं : झोपलाय ग. किती दिवसांनी तोंड मिटून झोपलाय. बघ, कपाळावरची आठीसुद्धा गेली.

धाकटी : भाऊजी, खरं सांगा. यातून उठतील का हो?

मिस्त्री : नाही.

वन्सं : दादा!

धाकटी : राहू दे, वन्सं. सगळे मला 'होईल बरं, होईल बरं' म्हणतात. कुणीतरी सरळ बोललं.

मिस्त्री : पंख्याचं तू म्हणालीस ते खरं होतं. मी 'बघू' म्हणालो.

धाकटी : हो, म्हणालात. ते मी विसरणार नाही.

मिस्त्री : विसरू नकोस. ... निघतो. चादर ठेव, पांघरायला होईल. धुतलेली आहे.

वन्सं : अरे, नाताळचं जेवण? आजवर कधी...

मिस्त्री : माझ्या कपड्यांचा भुसा उडाला तर तो खोकून उठेल. झोपू दे त्याला. माझं ताट ओट्यावर झाकून ठेव. नाहीतर नको ठेवू.

धाकटी : भाऊजी.

मिस्त्री : काय?

धाकटी : तुमचा कोट बाहेरच काढून ठेवा. पायरीवर बादली आहे, हातपाय धुवा. वन्सं, चौथं ताट मांडा. यांच्याजवळ मांडा, पलंगाशी.

मिस्त्री : कोटाशिवाय? या थंडीत?

धाकटी : दाराच्या मागे यांचा कोट आहे. आता कुणी घालत नाही तो. घाला, आणि आत या. उभं राहून माप बघत बसू नका. होईल तुम्हाला.