उंबऱ्याबाहेरचे चार दिवस

अस्सलामु अलैकुम. आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या मशिदीच्या समितीचे प्रमुख माननीय पोक्कू हाजी. व्यासपीठावरचे समितीचे सर्व सन्माननीय सदस्य. शेजारच्या मशिदींतून मुद्दाम आलेले विद्वान पाहुणे. ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते आपले उस्ताद, मशिदीचे इमाम अवोक्कर मुसलियार. समोर बसलेले तलश्शेरीचे लहानथोर. आणि वर सज्जात जाळीमागे बसलेल्या आयाबहिणी. त्या जाळीमागे माझी पत्नी कुंजामिनाही आहे आणि तिने सकाळीच बजावलं आहे की लवकर आटपा. नावांचा क्रम मी तीन जणांना विचारून घेतला होता. तरी चुकला असेल असं वाटतंय. चुकला असेल तर सांगा, पुन्हा पहिल्यापासून घेतो.

नको? बरं.

मी कुट्ट्याली. गाद्या शिवतो. आता हात थरथरतात, म्हणून शिवत होतो म्हणा. या गावातल्या निम्म्या जावयांना सासरी पहिली झोप लागली ती माझ्या गादीवर. शाळा माझी चौथीपर्यंत. असल्या माणसाला निरोपाचं भाषण करायला का उभं केलं, हे मी हाजींना विचारलं. ते म्हणाले, "कुट्ट्यालीक्का, या माणसाला तुमच्याइतका त्रास गावात दुसऱ्या कुणी दिलेला नाही. मान तुमचाच."

खरं आहे ते. छत्तीस वर्षं उस्ताद इथे होते आणि छत्तीस वर्षं मी त्यांना प्रश्न विचारले. रोजा धरून कापूस पिंजताना तंतू घशात गेला, रोजा गेला का? ते म्हणाले, पिठाच्या गिरणीवाल्याला पीठ माफ आहे तसा तुम्हाला कापूस माफ आहे. चहात मुंगी मेली, चहा टाकू का? ते म्हणाले, मुंगी टाका. नमाजाआधी हातपाय धुताना, म्हणजे वुजू करताना, कोपरापर्यंत पाणी पोहोचलं की नाही, शंका येते. एकदा मी मशिदीच्या हौदावर इतका वेळ कोपर धूत बसलो की जमातीचा नमाज संपून लोक घरी गेले. उस्ताद शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "कुट्ट्यालीक्का, हौदातले मासे विचारतायत, हे गृहस्थ राहायलाच आलेत का?" मग समजावून सांगितलं की जे नक्की आहे ते शंकेने मोडत नाही. धुतलं होतं हे नक्की, पोहोचलं नसेल ही शंका. उठा. मी उठलो. घरी जाताना वाटलं, धुतलं होतं हे तरी नक्की का?

हसा, हसा. पण आज मला भीती वाटते आहे, आणि ती भाषणाची नव्हे. परवा मी उस्तादांना शेवटचा म्हणून एक प्रश्न विचारला. आपल्याकडे गाव सोडताना सगळे एकमेकांना म्हणतात, काही चुकलं असेल तर माफ करा. एवढं म्हटलं की भागतं का? उस्ताद म्हणाले, "काय चुकलं ते समोरच्याला माहीतच नसेल, तर तो माफ काय करणार? आपल्या मजहबात नाव घेऊन सांगावं लागतं."

तेव्हापासून मला जेवण जात नाही. कारण माझी एक चूक अशी आहे की ती उस्तादांना ठाऊक नाही. छत्तीस वर्षं मी ती पोटात ठेवली. आज तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर त्यांची गाडी निघणार. त्याआधी नाव घेऊन सांगायची आहे, आणि एकट्याने सांगायची छाती होत नाही, म्हणून तुम्हा सगळ्यांदेखत सांगतो. माफी मागितल्यावर मिळेल की नाही, माहीत नाही. प्रकरण शरमेचं आहे आणि त्यात शिंपले आहेत.

आपल्या गावची रीत तुम्हाला सांगायला नको. लग्न झालं की मुलगी घर सोडत नाही, आपण जाऊन तिच्या घरी राहतो, आणि नातवंडं झाली तरी त्या घरचे 'नवरदेव'च राहतो. मीही बावीस वर्षं कुंजामिनाच्या घरचा नवरदेव होतो. जेवायला बसलो की मसाला भरलेल्या शिंपल्यांचं ताट आधी माझ्यापुढे. सासूबाई, अल्ला त्यांना जन्नत देवो, स्वतः वाढायच्या. मग माझी मुलगी रैहानत हिचं लग्न झालं आणि घरात दुसरा नवरदेव आला, असैनार. तो तिथे खांबाला टेकून बसला आहे. मुलगा सोन्यासारखा. पण एका सोमवारी दुपारी शिंपल्यांचं ताट आलं ते त्याच्यापुढे गेलं. मग त्याच्या पाहुण्यांपुढे. माझ्यापर्यंत आलं तेव्हा तीन उरले होते, आणि तेही गार.

आज ऐंशीव्या वर्षी हे बोलताना मला कळतंय की तीन शिंपले काही वाईट नव्हते. त्या दिवशी नाही कळलं. मी ताट सारलं, उभा राहिलो आणि म्हणालो, "अल्लाची शपथ, या घरात मी पुन्हा पाऊल टाकणार नाही."

सासूबाई म्हणाल्या, "नवरदेव, आधी हात तरी धुवा."

मी हात न धुता निघालो. रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं की रैहानतचे दिवस भरत आले आहेत, माझे सगळे सदरे आत आहेत, आणि मी राहतो ते घर हेच आहे.

तडक मशिदीत गेलो. तेव्हा हे उस्ताद नवीनच आलेले. वय अठ्ठावीस, दाढी मोजून पंचवीस केसांची. माफ करा उस्ताद, तेवढीच होती. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "शपथ घेतली, आणि मोडण्यात भलं दिसतंय, तर मोडायची. दहा गरिबांना एकेक माप तांदूळ द्या. घरी जा."

तुम्ही म्हणाल, सुटला प्रश्न. तुमचा सुटला असता. मला वाटलं, अल्लाचं नाव घेऊन उच्चारलेली गोष्ट, ती हा कालचा पोरगा अशी मोडायला सांगतो? आणि खरं सांगायचं तर मला शपथ न मोडता आत जायचं होतं, म्हणजे सासूबाईंपुढे ताठ मानेने. त्या रात्रीपासून मी दुकानात गाद्यांच्या ढिगावर मुक्काम टाकला आणि रोज सकाळी मशिदीत हजर होऊ लागलो.

"उस्ताद, मला कुणी उचलून आत नेलं तर? पाऊल तर पडलं नाही."

"तुम्ही सांगितलंत म्हणून उचललं, तर ते तुमचंच जाणं झालं."

"ओसरी घरात धरायची का?"

"ओसरी कोण झाडतं?"

"सासूबाई."

"मग ती घरातच."

"आणि खिडकीतून नुसतं डोकं आत घातलं तर?"

उस्ताद म्हणाले, "नुसतं डोकं घातल्याने शपथ मोडत नाही."

झालं. त्याच दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीतून, तिचे दोन गज कधीचेच गळून पडलेले, मी डोकं आत घातलं आणि म्हणालो, "कुंजामिना, निळा सदरा दे."

ती मासे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "कोण बोलतंय? मला तर फक्त एक डोकं दिसतंय. डोक्याला सदरा कशाला लागतो?"

दुसऱ्या दिवशी उस्ताद मला म्हणाले, "कुट्ट्यालीक्का, तुम्हाला दार उघडून दिलं आहे आणि तुम्ही फट शोधताय." हे मला फार लागलं. आणि आता ती गोष्ट. बुधवारी दुपारी मी त्या वेळी समितीचे जे प्रमुख होते, ते आता हयात नाहीत, त्यांना मशिदीच्या मागच्या पडवीत गाठलं आणि म्हणालो, "हा मुसलियार पोरसवदा आहे. लोकांना शपथा मोडायला शिकवतो. याला परत पाठवा, पिकल्या दाढीचा कुणी आणा." नुसतं म्हणालो नाही, आणखी चार जणांच्या सह्या आणतो असंही म्हणालो. प्रमुखांनी हो-नाही काही केलं नाही. पण उस्ताद, मी म्हणालो होतो. तुम्ही घरदार सोडून नवीन आला होतात, तुमचं लग्न ठरत होतं, आणि मी तुमची भाकरी काढून घ्यायला निघालो होतो. तीन शिंपल्यांपायी.

नाव घेऊन सांगितलं. आता पुढचं सांगितल्याशिवाय ही चूक किती मोठी होती ते कळणार नाही, म्हणून सांगतो. कुंजामिना, झालंच.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास सुईण आमच्या घरात शिरताना मी समोरच्या फणसाखालून पाहिली. आत बायकांची धावपळ. मी तिथून हललो नाही. तासाभराने आतून इवलासा आवाज आला आणि सासूबाईंनी खिडकीतून सगळ्या गल्लीला सांगितलं, "मुलगी झाली. बाळाच्या कानात बांग द्यायला कुणी पुरुष माणूस या."

असैनार ओसरीवरच होता. बापाचा हक्क होता, त्याने जायचं. तो म्हणाला, "उप्पा आल्याशिवाय मी देणार नाही. पहिल्या नातवंडाच्या कानात आजोबांचा आवाज जायला हवा."

सासूबाई म्हणाल्या, "अरे, त्यांची शपथ आहे."

तो म्हणाला, "मग पोर थांबेल."

पोर काही थांबायला तयार नव्हतं. तिने असा सूर लावला की गल्ली गोळा झाली. आणि त्या गर्दीतून, कुणीही बोलावणं धाडलेलं नसताना, उस्ताद आले.

मी त्यांच्याकडे धावलो. "उस्ताद, डोकं चालतं म्हणालात ना? बाळाला खिडकीशी आणतील, मी डोकं आत घालून बांग देतो. शपथही राहील, बांगही होईल."

उस्ताद म्हणाले, "चालेल. बांग होईल, शपथही मोडणार नाही." मला हायसं वाटलं. मग ते म्हणाले, "पण हात बाहेर राहतील. मुलीला घेणार कशाने?"

मी माझ्या हातांकडे पाहिलं. बोटांना कापूस चिकटला होता.

"उस्ताद, अजून दहा माणसांना तांदूळ दिले नाहीत."

"आधी पाऊल, मग तांदूळ. चालतं."

"वुजू आहे की नाही, शंका आहे."

"बांगेला नसला तरी बांग होते."

"कुठला पाय आधी?"

"कुट्ट्यालीक्का," ते म्हणाले, "जो जवळ असेल तो."

मी गेलो. कुठला पाय आधी टाकला ते आजही मला माहीत नाही. आत सासूबाईंनी हातावर पोर ठेवलं. लाल, सुरकुतलेली, माझ्यासारखीच कपाळाला आठी. मी उजव्या कानाशी तोंड नेलं आणि बांग सुरू केली. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि त्या भरात मी नमाजाला या, भल्याकडे या, इथवर आलो आणि थेट पुढे म्हणून गेलो, झोपेपेक्षा नमाज बरा.

पहाटेच्या बांगेचं वाक्य. दुपारी बारा वाजता.

बिछान्यावरून रैहानत क्षीण आवाजात म्हणाली, "उप्पा, आत्ता कुठे मला झोप लागत होती."

मी पोर तसंच छातीशी धरून खिडकीशी धावलो. "उस्ताद, पहाटेची झाली. बिघडली का? पुन्हा देऊ का?"

उस्ताद फणसाला धरून उभे होते. हसून हसून त्यांची टोपी खाली पडली होती. "राहू द्या," ते म्हणाले. "तिच्या कानात दिलीत, मिनारावरून नाही. गाव काही उठणार नाही."

गावाचं माहीत नाही, पण ती मुलगी, हाजरा, वर जाळीमागेच आहे, ती जन्मापासून पहाटे उठते आणि सगळ्या घराला उठवते. घरचे अजून मला दोष देतात.

दुसऱ्या दिवशी तांदूळ वाटले. मापात तांदूळ भरले की मला वाटे, काठापर्यंत आलेच नाहीत. उस्ताद शेजारी उभे राहिले. म्हणाले, "वरून सपाट करू नका. ढीग राहू द्या. ढिगाला शंका चिकटत नाही." दहाही मापं अशी ओसंडून दिली. असा माणूस मी घालवायला निघालो होतो.

तर उस्ताद, आता तुमच्याकडे वळून बोलतो. बुधवारी दुपारी, मागच्या पडवीत, मी तुम्हाला घालवा म्हणालो होतो. ही ती चूक. छत्तीस वर्षं तुमच्या मागे नमाज पढताना ती माझ्या मागे उभी होती. माफ कराल का?

उस्ताद हसतायत. काहीतरी म्हणतायत. हाजी, जरा ध्वनिक्षेपक त्यांच्याकडे द्या. नको म्हणतात. मीच सांगू? बरं, जसं बोलतायत तसं सांगतो. ते म्हणतायत, "कुट्ट्यालीक्का, त्या पडवीच्या भिंतीपलीकडे माझी खोली होती. भिंत फळ्यांची."

म्हणजे ऐकलं होतंत? बुधवारीच?

"शब्दन् शब्द," म्हणतायत. "सामान बांधायला घेतलं होतं. मग वाटलं, हा माणूस दोन रात्री गाद्यांवर झोपतोय, याची पाठ दुखत असेल. तेव्हाच माफ केलं."

म्हणजे गुरुवारी फणसाखाली आलात ते माफ करून आलात.

मला पुढचं काही सुचत नाही. कागदावर अजून बरंच लिहिलेलं आहे, पण ते राहू दे. उस्ताद, गावातर्फे तुमचे आभार मानतो. तुमच्या घरी माणसं सुखरूप असोत, आणि तिथल्या मशिदीत माझ्यासारखा एखादा तरी भेटो, नाहीतर तुम्हाला करमणार नाही. अध्यक्षांनी एवढा वेळ दिला, त्यांचेही आभार. सभाजनहो, बोलण्यात माझं खूप चुकलं असणार आणि काय काय चुकलं ते मला नाव घेऊन सांगता येणार नाही. तुम्ही ऐकता ऐकताच माफ करत आला असाल, असं धरून मी खाली बसतो.