दाढ थांबली, शर्यत सुरू झाली

२०२१ साली दाढ काढायला आलेल्या मास्तरीणबाई डॉक्टरांच्या दाराबाहेर बसल्या होत्या. शेजारी एक बहीणभाऊ लॅपटॉप उघडून बसले होते.

“ताई, आजही नुसता काळा पडदा.”

“गेम विंडोजचा, लॅपटॉपवर लिनक्स. नखरे करणारच. मधला दुभाष्या, ते प्रोटॉन, कुठलं बसवलंस? नवं का जुनं?”

“सगळ्यात नवं.”

“एवढ्या म्हाताऱ्या गेमला कालचं पोरगं दुभाष्या दिलंस? जुनं लाव.”

“लावलं. गेमचं आधीचं फोल्डरही काढलं.”

“उडवलंस? अरे गाढवा, आपली शर्यत त्यातच होती. बरोबरीत होतो आपण, एकच फेरी उरली होती. उद्या मी नोकरीवर निघाले, आता ती कधी संपवायची?”

“उडवलं नाही गं, नाव बदलून बाजूला ठेवलंय. तुझीच शिकवण.”

“मग तसं सांग ना. जीव गेला माझा. त्यातली शर्यतीची फाइल उचल, नव्या फोल्डरात टाक.”

“टाकली. करू सुरू?”

“कर.”

“ताई, इंजिन ऐकलंस?”

“आवाज कमी कर, लोक दाढा धरून बसलेत.”

“राहू दे गं आवाज,” मास्तरीणबाई म्हणाल्या.

“पुढचं कोण?” आतून हाक आली. नंबर बाईंचाच होता.

“दुसऱ्या कुणाला घ्या. यांची एक फेरी उरलीय.”

ताई दुसऱ्या दिवशी गेली आणि नोकरीच्या गावीच रमली. भावाने कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान काढलं. तिथे अजूनही कुणाचं काही उडवत नाहीत, नाव बदलून ठेवतात. बाईंची दाढ पुढच्या महिन्यात निघाली. पण ती फेरी ताईने चाकभर अंतराने जिंकली, हे त्या भेटेल त्याला सांगत राहिल्या.